एफीची फळी

जानेवारीच्या पुरात ऑख्टरबर्न गावाचा ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला. ग्रामसमितीने या घटनेची अत्यंत गांभीर्याने दखल घेतली आणि त्याच आठवड्यात स्विदर सुरू केलं. स्विदर म्हणजे करू की नको, धरू की सोडू या अवस्थेत मन लावून राहणं. इंग्लंडहून येणारे लोक याला चालढकल म्हणतात, पण त्यांना काय कळतंय? चालढकल कुठलाही आळशी माणूस करतो. स्विदरला मेहनत लागते, चहा लागतो आणि सोबत लोण्याची बिस्किटं लागतात. मी स्वतः समितीत असल्यामुळे हे अधिकाराने सांगू शकतो.

तसं पाहिलं तर पुलावाचून रोज अडत होतं ते फक्त एफी गाउडीचं. तिचं घर ओढ्याच्या अलीकडे आणि नवरा वुल्ली पलीकडच्या वृद्धाश्रमात. वुल्ली आता कुणालाच ओळखत नाही, पण ओटची पेज एफीने भरवली तरच तोंड उघडतो. रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा, आणि बस येते ती तिच्या लहरीप्रमाणे.

"दगडी बांधा नाहीतर लाकडी बांधा, पण बांधा एकदाचा," एफी बैठकीत म्हणाली. "तो उपाशी राहतो हो तिकडे."

"एफीबाई, तुमच्या भावना समितीपर्यंत पोचल्या," अध्यक्ष आर्चिबाल्ड कॅर्नी म्हणाले. "मात्र दगडी म्हटलं की लाकडावर अन्याय होतो. घाईने काही करायला नको."

एफीने घरी जाऊन कोंबड्यांच्या खुराड्याची हिरवी फळी उचकटली, ओढ्यावर टाकली आणि पेजेचं भांडं घेऊन पलीकडे गेली. समितीपुढे आता दुसराच पेच उभा राहिला. फळी काढावी तर एफी अडते, ठेवावी तर समितीने मान्यता दिल्यासारखं होतं. सर्वांगीण विचार करून आम्ही तिथे पाटी लावली: 'ही फळी धोकादायक असू शकते किंवा नसूही शकते. समिती विचार करत आहे.'

अखेर गावाचं मत घ्यायचं ठरलं. गावाचा हॉल ओढ्यापलीकडे असल्यामुळे फळी सुरक्षित आहे का, हे ठरवायला सगळे फळीवरूनच गेले. टॅम पर्व्हिस खाटीक, म्हणजे आमच्यातला सर्वांत वजनदार सदस्य, मधोमध थांबून दोन उड्या मारून म्हणाला, "चांगली दणकट आहे की हो!"

"टॅम, निष्कर्षावर येऊ नकोस," अध्यक्ष काठावरून ओरडले. "त्याच्यासाठीच तर बैठक आहे."

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या देशातल्या न्यायालयांत दोषी, निर्दोष आणि 'सिद्ध झालं नाही' असे तीन निकाल पिढ्यान्पिढ्या चालत आले. त्याच उदात्त परंपरेला अनुसरून हॉलमध्ये तीन पेट्या ठेवल्या होत्या: पूल हवा, पूल नको आणि स्विदर. तिसरी पेटी इतकी भरली की झाकण लागेना. अध्यक्षांनी त्या पेटीपुढे टोपी काढली. गावाने इतका निःसंदिग्ध कौल पूर्वी कधीच दिला नव्हता.

बाहेर आलो तर पाऊस कोसळत होता, ओढा फुगला होता आणि फळी नव्हती.

"गेली वाहून!" टॅम म्हणाला. "अरे, माझा खिमा-बटाटा गार होतोय घरी!"

"मी आजच नवे बूट घातलेत," अध्यक्ष म्हणाले.

आम्ही हॉलमध्ये परतलो. चहा न पिता, बिस्किटांकडे न बघता, बसायच्याही आधी पूल मंजूर झाला. दगडी की लाकडी, असं मी सवयीने विचारलं.

"कशाचाही बांधा हो!" अध्यक्ष खेकसले. मग सगळं गाव वळशाच्या रस्त्याने चिखल तुडवत घरी गेलं. एफी तेवढी वुल्लीपाशी राहिली.

उन्हाळ्यात पूल झाला, दगडी, रुंद, दोन्हीकडे कठडे. 'समितीच्या दूरदृष्टीतून' अशी पितळी पाटीही बसली. उद्घाटनानंतर मी वुल्लीला भेटायला गेलो. एफी त्याला पेज भरवत होती. त्याच्या खिडकीखाली फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या, एका हिरव्या फळीवर.

"एफी, अगं ही तर वाहून गेली होती!"

"वाहून कशी जाईल? मी ओढून घेतली," वुल्लीची हनुवटी पुसत ती म्हणाली. "दुसरं टोक इथल्या स्वयंपाकीणबाईने धरलं. तुम्ही आत मतं मोजत होतात ना, तेव्हा."

"अगं, पण सगळं गाव भिजलं की!"

"म्हणून तर पूल झाला."

हे समितीच्या कानावर घालावं की नाही, यावर माझं अजून स्विदर चालू आहे. तुम्ही मात्र आम्हाला खुशाल हसा. तुमच्या पायाखालची फळी अजून कुणी ओढून घेतलेली नाही.