जावयाच्या पाठीतली सुई

एक केशरी हत्ती. पोटाला चेन, आत भरपूर जागा.

विष्णुपुरीच्या मंगल कार्यालयात वाढलेली पानं, आणि पानावर कुणीच नाही.

गुलाबी फेटा बांधलेला माणूस साबणानं कोपरापर्यंत हात धुतो आहे.

"ऐकू येतंय त्याला."

ओलीचा एक डाग. आकार कधी मांजराचा, कधी निलंगा तालुक्याचा.

हे तुकडे एकमेकांना लागत नाहीत असं वाटेल. मलाही त्या दिवशी वाटलं होतं. मी खोल्या लावतो, गोष्टी नाही. त्यामुळे खोलीच्या क्रमानंच सांगतो.

भिंती

मी सुदर्शन. लातुरात इंटिरियर करतो. शिकवणी क्लासांची रिसेप्शनं आणि सराफांची दुकानं ही माझी खासियत. दोन्हीकडे आत आलेल्या माणसाला आपण किती खर्चात पडणार आहोत ते विसरायला लावायचं असतं. नांदेडच्या एका दवाखान्यानं मोठ्या आजारांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी खेळखोली करायला बोलावलं, तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना छातीठोक सांगितलं, "या दारातून आत आलेल्या पोराला आपण दवाखान्यात आहोत हे आठवणारच नाही. आठवलं तर माझं नाव बदला."

"नाव राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मुलं आली म्हणजे झालं."

मी पांढरा रंग हद्दपार केला. एक भिंत आंब्याची, एक पोपटी, एकीवर गोदावरी आणि तिच्यात हसणारे मासे. पलंग नको, स्टँड नको, कापूस दृष्टीस पडायला नको.

मुलं आली. दारात उभी राहिली. माशांकडे पाहिलं. मासे हसत होते, मुलं नाही. मग ती हळूच परत गेली. लग्नात ओळखीचं कुणी दिसलं नाही की माणूस पान तोंडात टाकून सटकतो, तशी.

फरशी

एक मुलगी मात्र राहिली. दीपमाला. उमरीकडची, नऊ वर्षांची, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. मी कोपऱ्यात ठेवलेल्या केशरी हत्तीवर बसून ती माझ्याकडे असं बघत होती, जणू कंत्राट तिनंच दिलं होतं.

"मामा, हितं सुई कुठाय?"

"इथं सुई नसते बाळा. इथं खेळायचं."

"मग खेळायचं काय?"

गीतांजली सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. दीपमालाला रक्ताचा आजार होता. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीच्या कण्यातून औषध द्यायचं होतं. मागच्या वेळी तिला चौघांनी धरलं, तरी जमलं नाही, तसंच परत आणावं लागलं. औषध चुकवून चालणार नव्हतं, आणि पुन्हा असं धरून करायची कुणाचीच हिंमत होत नव्हती.

"ती एकच म्हणते," सिस्टर म्हणाल्या. "आधी मी कुणाला तरी टोचून बघणार."

मी खोलीभर नजर फिरवली. मासे. हत्ती. मी.

सिस्टरांनी सुई नसलेली सिरिंज, कापूस, चिकटपट्टी आणि सलाइनची रिकामी बाटली आणली. ज्या ज्या गोष्टींना मी बंदी घातली होती त्या सगळ्या माझ्याच पोपटी भिंतीशी येऊन बसल्या.

"कुशीवर व्हा," दीपमाला म्हणाली. "गुडघे पोटाला. हनुवटी छातीला. अजून. मामा, पोट आडवं येऊन राहिलंय तुमचं."

"ते काढता येत नाही."

"बरं. आता गार लागंल. आता टोचंल. हालायचं न्हाई."

कमरेत काहीतरी बोथट रुतलं आणि मी, एवढा मोठा माणूस, दचकलो.

"हाललाव," ती समाधानानं म्हणाली. "पुन्हा."

दुसऱ्यांदा जमलं. मग तिनं मला उताणं केलं, सलाइनची नळी मनगटाला चिकटवली, डोक्याला रुमाल बांधला. "पेशंटला असतंय." माझा फोन काढून तिनं हत्तीच्या पोटात टाकला आणि चेन लावली.

"आता तासभर असंच पडायचं. उशी न्हाई. डोकं उचलायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"तासभर? खरोखर?"

"मग? तुमचं खोटं खोटं हाय का?" तिनं माशांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "तुम्ही उठलाव तर उद्या मी बी न्हाई."

मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी नुसती मान हलवली: पडा. आणि त्या वॉर्डात निघून गेल्या.

खिडकी

खिडकीतून या गोष्टीत काहीच घडत नाही. खोलीला आहे, म्हणून सांगितली.

दार

त्याच दिवशी जवळच, विष्णुपुरीला, माझ्या बायकोच्या, अंबिकाच्या, चुलत बहिणीचं लग्न होतं. मी काम आहे म्हणून गेलो नव्हतो. अक्षता पडल्या, पानं वाढली, आणि माझे सासरे, निलंग्याचे गुरुबसप्पा अण्णा, अडून बसले. थोरला जावई नाही तर पंगत नाही. "मन्मथ, जा. जावईबापूंना उचलून आण."

मन्मथ म्हणजे माझा मेहुणा. खेळखोलीच्या दाराला मी हौसेनं गोल काच बसवली होती, मुलांच्या उंचीला. मन्मथ आला, वाकला आणि आत बघितलं. मी उताणा. डोळे मिटलेले. हाताला सलाइन, डोक्याला बांधलेलं.

त्यानं हाक मारली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण माझ्या सासुरवाडीत अशा वेळी हाक मारत नाहीत. आधी सगळ्यांना कळवतात.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. हत्तीचं पोट तेवढं गुरगुरायला लागलं, ते थांबेना.

"भूक लागली त्याला," दीपमाला म्हणाली.

मग ते आले. गुलाबी फेटे, जरीच्या साड्या, केसांत अक्षता, एकाच्या हातात अजून बुंदीची वाटी. सगळे त्या गोल काचेपुढे वाकायला धडपडत होते. दार उघडून पहिले अण्णा घुसले.

"जावईबापू..." त्यांचा आवाज फाटला.

मी डोकं उचलणार, तोच कपाळावर एक छोटा तळवा टेकला.

"एकेकानं यायचं," दीपमाला त्यांना म्हणाली. "चपला भायेर. हात धुवा आधी."

अण्णांनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. त्यांच्याशी बांधावरून बोलायचं तर शेजारी वकील घेऊन येतो. त्यांनी चपला काढल्या. कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले. अंगठीसकट, कोपरापर्यंत. मग दबक्या आवाजात विचारलं, "डाक्टरीणबाई, काय झालंय?"

"पाठीत सुई."

"वाचंल का?"

"त्याच्यासमोर बोलू नका. ऐकू येतंय त्याला."

मी तोंड उघडलं. 'खोटं खोटं आहे' एवढं म्हटलं असतं तर अण्णांचा जीव भांड्यात पडला असता, आणि उद्याची सुई गेली असती. दीपमाला माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तोंड मिटलं. माझा जबडा उघडून मिटलेला काचेतून पाहून सासूबाईंनी त्याचा वेगळा अर्थ लावला आणि हंबरडा फोडला.

"रडायचं असंल तर तितं बाकडं हाय," दीपमाला म्हणाली.

छत

छताला मी काहीच केलेलं नव्हतं. भिंती, फरशी, दाराची कडीसुद्धा रंगवली होती. पण ज्या पोरांचे दिवसच्या दिवस उताणे जातात त्यांना वर काय दिसतं, हे बघायला एकदाही आडवा झालो नव्हतो. एक पंखा. एक ओलीचा डाग. आणि अधूनमधून कडेनं सरकत येणारं नातलगाचं तोंड. खालून पाहिलं तर मोठा माणूस म्हणजे मुख्यतः नाकपुड्या असतात, हे मला त्या तासात कळलं.

"लई वाळले हो," एक नाकपुडी म्हणाली.

"रंगाचा वास बाधला असंल."

"मागच्या वर्षी आमच्या बाजूच्याला असंच झालतं. तिसऱ्या दिवशी..."

"ऐकू येतंय," दीपमाला म्हणाली.

शेवटी अंबिका आली. हात धुतले, शेजारी बसली. माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. चिकटपट्टीकडे पाहिलं. मग बराच वेळ दीपमालाच्या रुमालाकडे.

"किती वेळ राहिला, डॉक्टर?"

"काटा त्या माशापशी आला की."

"मग मी बसते." आणि माझ्या कानाशी वाकून, "सगळी पंगत उपाशी आहे तुमच्यापायी. आता नीट पडा."

काटा माशापाशी आला. दीपमालानं नळी काढली, कापूस दाबला आणि म्हणाली, "उठा."

मी उठलो. डोक्याचा रुमाल काढला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आनंदीआनंद होईल. अण्णा माझी पाठ चाचपत राहिले.

"म्हंजे काहीच झालेलं न्हाई?"

"काहीच नाही."

"च्या मायला," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा विरस होता. वाढलेलं पान सोडून आलेल्या माणसाला काहीतरी तर हवं असतं.

ते त्यांना मिळालं. एवढा गलका ऐकून वॉर्डातली मुलं येऊन दारात उभी राहिली होती. माझे मासे त्यांना आणू शकले नव्हते, पण फेटेवाले पेशंट रांगेनं मिळतायत म्हटल्यावर ती आत शिरली. सिस्टर परतल्या तेव्हा अण्णा पोपटी भिंतीशी मुटकुळं करून पडले होते आणि एक पोरगं त्यांना दरडावत होतं, "आजोबा, मिशी हालली."

नवरी-नवरा रात्री जेवले असं ऐकतो.

आता त्या खोलीत पलंग आहे, स्टँड आहे, कापूस आहे. छतावर एक बाजार रंगवलाय, आडवं पडून बघायचा. दारावर पाटी: चपला बाहेर, हात धुवा, रडायचं बाकडं डावीकडे. मोठ्या डॉक्टरांनी माझं नाव बदललं नाही, विचारलं मात्र दोनदा. आणि निलंग्यात बातमी गेली ती गेली, दुरुस्ती काही पोचली नाही. सासुरवाडीला अजून मला कुणी साधी खुर्ची उचलू देत नाही. मीही खुलाशाच्या फार मागे लागलेलो नाही.

छत रंगायच्या कितीतरी आधी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दीपमाला स्वतः चालत गेली, कुशीवर झाली आणि हलली नाही.