डोळ्यात थेंब, ताटलीत जिलबी

"रक्तात साखर, मग तपासणी डोळ्यांची कशाला?" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या यज्ञेश्वररावांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं.

"काका, साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. सुरुवातीला पेशंटला पत्ताही लागत नाही."

झिरपणं म्हणजे काय, हे खडकवासल्याच्या धरणावर नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. यज्ञेश्वरराव मुकाट तयार झाले. पत्नी मंदाकिनीबाईंनाही साखर होतीच, म्हणून दोघांच्याही डोळ्यांत थेंब पडले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत अर्धा तास स्वस्थ बसा, असं सांगण्यात आलं.

"मी समोरच्या देवळात जाऊन येते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"अगं, पण देव दिसेल का?"

"त्याला मी दिसले म्हणजे झालं."

त्या गेल्या, आणि यज्ञेश्वररावांच्या लक्षात आलं, की आपल्या खाण्यावर पहारा ठेवणारे अख्ख्या पुण्यातले दोन डोळे या क्षणी निकामी आहेत. (पडदा झिरपणारच असेल, तर जिलबी दिसतेय तोवर खाऊन घ्यावी, असा शास्त्रीय विचारही त्यांनी केला.) काळा चष्मा चढवून, भिंत चाचपत ते शेजारच्या मिठाईच्या दुकानात पोचले आणि कुजबुजत जिलबीची ऑर्डर दिली. काउंटरवर काहीतरी केशरी अवतरलं. त्यांनी हात घातला.

"अहो आजोबा, ती माझी प्लेट आहे."

'आजोबा' या साध्या शब्दात इतका अपमान भरू शकणारी बाई जगात एकच होती. शेजारी उभा असलेला जांभळा धूसर डाग म्हणजे मंदाकिनीबाई होत्या.

यज्ञेश्वरराव गारठले. चोर रंगेहाथ सापडला होता, पण त्याला पकडायचं तर स्वतःची ओळख द्यावी लागणार होती.

"सॉरी हं, ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. (लग्नाच्या बायकोला ताई!)

"असू दे. ही बघा, तुमची पण आली."

पण तिथे एक क्षणही थांबण्यात धोका होता. जिलबी तशीच टाकून, एका स्टुलाला धडकत यज्ञेश्वरराव दवाखान्यात परतले.

दोघांची तपासणी झाली.

"काकूंचा पडदा अगदी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, तुमच्यात मात्र बारीक ठिपके दिसायला लागलेत. घाबरू नका. साखर आटोक्यात ठेवा आणि तपासणी चुकवू नका. पथ्य कसं पाळायचं, ते काकूंकडून शिका."

यज्ञेश्वररावांनी काळा चष्मा पुन्हा चढवला.

धायरीला घरी जाणाऱ्या रिक्षात बसल्यावर मात्र त्यांना राहवेना. "काय, मग? प्रसाद मिळाला देवळात?"

"दोनदा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एक आजोबा स्वतःचाही ठेवून गेले. आवाज अगदी तुमच्यासारखा होता हो. पण माणूस समजूतदार."