अप्पांच्या स्पीकरचा नेम

बसवंतअप्पांच्या घरी गाणं ऐकायला गेलात, तर ते आधी पंखा बंद करतात. मग फ्रीज. मे महिन्यातल्या लातुरात हा प्रकार सोसायचा म्हणजे नुसती संगीताची आवड असून भागत नाही, काळीजही लागतं. घामानं भिजलेल्या पाहुण्याला ते वर बजावतात, "तोंड मिटून बसा. ऐकायलाबी अक्कल लागती!"

अप्पा आमचे शेजारी. आयुष्यभर आडत दुकानात बसून तूर-सोयाबीनचे सौदे केले, मग दुकान पोराच्या हवाली केलं आणि स्टिरिओच्या नादी लागले. आवाज घुमू नये म्हणून बैठकीच्या भिंतींना त्यांनी वाकळा टांगल्या आहेत. स्पीकरखाली दुकानातल्या पोत्यांचा बारदाना. नवख्या माणसाला वाटतं, घरात बाळंतीण आहे.

गल्लीत टिंगल व्हायचीच. एकदा कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, "अप्पा, लग्नातला डीजे बरा की हो ह्याच्यापेक्षा." अप्पांना ते झोंबलं. त्यांनी थेट पुण्याहून दोन परीक्षक बोलावले. घरोघरचे स्टिरिओ ऐकून कॅमेऱ्यासमोर गुण द्यायचे, हा त्यांचा धंदाच. "दहापैकी नऊच्या खाली आले तर मिशी काढतो," असं अप्पांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

परीक्षक आले. आता लातुरात पाहुणा उपाशीपोटी गाणं ऐकणार, हे शक्य आहे का? अप्पांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, आतून भाकरी, येसर आमटी, शेंगाची पोळी असं पाठवलं आणि अप्पांनी आग्रह करकरून वाढलं. थोरले परीक्षक पहिल्याच आलापाला घोरू लागले.

"बघा, आवाज किती गोड हाय," अप्पा माझ्या कानात म्हणाले.

धाकट्यानं मात्र माइक लावून सगळं मोजलं. "आवाज अव्वल आहे. पण दोन्ही स्पीकर चुकीचे वळवलेत. तुमच्या खुर्चीत अर्धाच आवाज येतो, बाकी सगळा जातो स्वयंपाकघराच्या दारात. खुर्चीकडे वळवा, नऊ देतो. असेच ठेवलेत तर सहा."

मला हायसं वाटलं. एवढंच ना! मी वळवायला उठलोसुद्धा.

"हात लावू नका," अप्पा म्हणाले.

"अहो अप्पा, मिशी!"

"जाऊ द्या मिशी." मग आवाज उतरवून म्हणाले, "दाराच्या आत आमची मंडळी बसती. पावणे असले की बैठकीत येत न्हाई. तिला कमी ऐकू यायलंय. बोलली न्हाई, पर गाणं लागलं की पहिल्यावानी गुणगुणंना. म्हणून फिरवले मी."

"शूटिंगपुरतं तरी?" धाकट्यानं विचारलं.

"ती आज बी ऐकायलीच की."

इतका हट्टी माणूस, आणि इतका हळवा!

तेवढ्यात, स्पीकरवरून चाललेली आमची ओढाताण दाराआडून बघत बसलेल्या काकू पदर सावरत बाहेर आल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात परक्या पुरुषांपुढं त्या बैठकीत आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या सरळ अप्पांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"वळवा आता इकडं," त्या म्हणाल्या. "बिनमिशीचे कसे दिसताल तुमी!"

अप्पांनी स्पीकर वळवले, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घातली. थोड्या वेळानं काकू गुणगुणायला लागल्या.

धाकट्यानं नऊ दिले. अप्पांच्या कानावर ते गेलंच नाही. ते काकूंकडं बघत बसले होते.