गॅरी आणि आमचे डबे

आमच्या शेजारचा गॅरी घरात पाऊल टाकायचा तेच मुळी समस्त गोऱ्यांच्या वतीनं माफी मागत. “सॉरी, माझ्या लोकांना उन्हात सोडूच नये,” असं म्हणून सोललेलं नाक पुढे करायचा. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावच्या उन्हात ते नाक बारा महिने लालबुंद असायचं.

साठी उलटलेली, घरी एकटाच. बायको, लिंडा, आम्ही इथं यायच्या आधीच वारलेली. “व्हाइट पीपल!” हे त्याचं पालुपद. कुणाचा कुत्रा रेनकोट घालून फिरताना दिसला, “व्हाइट पीपल!” आमच्या गणपतीत आरतीच्या टाळ्यांचा त्याचा ताल चुकला (चुकायचाच), की हात वर करून तेच. आम्ही आधी चोरून हसायचो, मग पोट धरून.

खाण्याचं तर विचारूच नका. “आमच्यात मीठ हाच मसाला. मिरी घातली की अँब्युलन्स येते!”

माझी बायको मेघा नागपूरची. ती पर्समध्ये तिखटाची बाटली बाळगते आणि पिझ्झ्यापासून सूपपर्यंत सगळ्यावर शिंपडते. गॅरी तिचा लाडका. दर रविवारी त्याला स्टीलच्या डब्यातून काहीबाही जायचं. एकदा तिनं गमतीत बजावलं, “आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं!”

झालं! डबे परत येणंच बंद झालं.

“हा माणूस डबे पण खाऊन राहिला का रे?” मेघा वैतागली. शेवटी घरात डबाच उरला नाही, तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. ओट्यावर सगळे डबे घासूनपुसून मांडलेले.

“यांत भरू तरी काय?” गॅरी ओशाळला. “मला एकच येतं, लिंडाचं पोटॅटो सॅलड. माझ्यावर हसा हो. त्याच्यावर नको.”

“रविवारी तेच आणा,” मेघा म्हणाली.

रविवारी आला. हातात डबा, तोंडात विनोद एकही नाही. मेघाच्या चमच्याकडे बघत उभाच राहिला. तिची पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. आता बाटली निघणार, हे मी धरूनच चाललो होतो.

मेघानं घास खाल्ला. पर्स उचलून खाली ठेवली आणि ताट पुढे केलं. “मोअर, गॅरी.”

सॅलड अगदी अळणी होतं, खोटं कशाला बोलू? पण गॅरी वाढत होता, आणि त्याचे डोळे नाकापेक्षा लाल झाले होते.