डोकं कोणत्या गव्हाचं?

रुख्मिणीबाईंच्या मते जगात केसांचे दोनच प्रकार होते. तेल लावलेले आणि तेल न लावलेले. पहिल्या प्रकारची माणसं घरंदाज, दुसऱ्या प्रकारची एकतर आजारी, नाहीतर टीव्हीतली. त्यांची सून प्रणाली मात्र परतवाड्याहून लग्न होऊन आली तेव्हा सोबत अकरा बाटल्या घेऊन आली होती. बाटल्या अकरा आणि डोकं एक, हा हिशोब रुख्मिणीबाईंना दोन वर्षं झाली तरी लागला नव्हता.

प्रणालीचे केस कुरळे. लहानपणी तिची आई कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी ओढायची, आणि दर रविवारी फणीचा एखादा दात आणि प्रणालीचा पुष्कळसा आवाज खर्ची पडायचा. पुढे तिनं अमरावतीत सहा महिन्यांचा कोर्स केला आणि तिला कळलं की दोष केसांत नव्हता, फणीत होता. टाळू तेलकट असते, कोरडी असते. केस सरळ असतात, लहरी असतात, कुरळे असतात. ज्याचं जसं डोकं, त्याला तशी निगा. एवढं कळल्यावर माणूस गप्प कसा बसेल? अकोल्याला सासरी आल्यावर तिनं घरातली सगळी डोकी तपासायला घेतली.

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. खुशालराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि प्रणाली त्यांच्या टाळूवर पातळ कागद दाबत होती.

"भज्याचं तेल टिपून रायली काय वं?" रुख्मिणीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"टाळू किती तेलकट आहे ते पाहते, आई."

"मंग मले विचाराचं ना! चाळीस वर्षं झाले, ह्यायच्या उशीच्या खोळी मीच धून राहिलो."

खुशालरावांची नोंद 'टाळू तेलकट, केस जेवढे आहेत तेवढे सरळ' अशी झाली. नवरा गजेंद्र कृषी केंद्रातून जेवायला आला तसा त्याच्याही नावापुढे कोंडा पडला. रुख्मिणीबाईंनी मात्र डोक्यावरचा पदर काही सरकू दिला नाही.

प्रणालीला हवी होती ती रस्त्याकडची खोली. तिथं केसांच्या निगेचं छोटंसं केंद्र काढायचं, हे तिच्या मनात पक्कं होतं. सध्या तिथं हिवरखेडच्या शेतातली तुरीची पोती होती आणि गजेंद्रनं हौसेनं आणलेली व्यायामाची सायकल होती, जिच्यावर गोधड्या वाळत. दोन महिने मागणी चालली. शेवटी रुख्मिणीबाईंनी सगळ्यांसमोर निकाल दिला.

"शनिवारी महिला मंडळात तुयं केसायवर भाषण हाय ना? बायांनी हो म्हनलं, तं खोली तुई. नाई म्हनलं, तं मी तिथं गव्हाच्या कोठ्या ठेवतो. मंग या घरात केसाचं नाव काढाचं नाई."

खुशालरावांनी मान हलवून साक्ष दिली.

आता शनिवार हा शनिवारच राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण मे महिना होता, आणि रुख्मिणीबाईंचा कुरोड्यांचा, म्हणजे कुरडयांचा, गहू मंगळवारीच भिजत पडला होता. भिजलेला गहू कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही. शनिवारी पहाटे पाचला गच्चीवर वाटलेल्या गव्हाचा चीक शिजला आणि सात वाजेपर्यंत जुन्या लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र कुरोड्यांच्या रांगा लागल्या. रुख्मिणीबाईंच्या कुरोड्यांना कॉलनीत मान होता. तो मान नेमका किती, हे त्या दरवर्षी घरोघर ताट पाठवून तपासून घेत.

पातेल्याच्या तळाशी उरलेला चीक गरम पाणी घालून पातळ करायचा आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. खुशालरावांच्या कवळीला घट्ट चीक झेपत नसे. दुपारी ते तो वरून तेल-तिखट घालून खात.

त्याच फ्रिजमध्ये प्रणालीची जवसाची जेल होती. आदल्या दिवशी घरचंच जवस उकळून, फडक्यातून पिळून तिनं ती केली होती, आणि डब्यावर 'जेल, केसांसाठी' अशी चिठ्ठीही चिकटवली होती. डबा रुख्मिणीबाईंच्या रुखवतातला. सहाच्या सहा डबे सारखे आणि प्रत्येकाच्या झाकणावर त्यांचंच नाव कोरलेलं. चीक ठेवताना रुख्मिणीबाईंना ती चिठ्ठी दिसली.

"घरच्या डब्याले चिठ्ठी? आपुन काय मेडिकल चालवतो?" असं म्हणून त्यांनी ती ओल्या बोटानं घासून काढली आणि शेजारी चिकाचा डबा ठेवून दिला.

भाषण तीनला होतं. प्रणाली दोनला न्हाली आणि सव्वादोनला वीज गेली. उन्हासाठी खिडक्यांना जाड पडदे लावलेले, स्वयंपाकघरात अंधार. कुरळ्या केसांना जेल लावायची तर केस ओले हवेत, डोकं खाली हवं आणि केस तोंडावर. प्रणालीनं हे तिन्ही नियम पाळले. त्यामुळे तिला दिसत काहीच नव्हतं. तिनं चाचपडत डबा काढला, बोटं बुडवली. गार, गुळगुळीत, चिकट. आज जवस चांगलं सुटलंय, असं वाटून तिला उलट आनंदच झाला. तिनं डबा संपवला.

डोकं वर केलं तेव्हा हिंगाचा वास आला. पण मे महिन्यात त्या घरात भिंतींनाही हिंगाचा वास येई.

केस सावलीत, सावकाश वाळू द्यावेत, हा तिच्या भाषणातला चौथा मुद्दा होता. रिक्षात बसल्यावर तो मुद्दा अकोल्याच्या उन्हानं पहिल्या चौकातच खोडून काढला. तोंडावर भट्टीतल्यासारखी हवा येत होती.

"ताई, पापड घेऊन चालल्या काय?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"नाही."

"वास येऊन रायला म्हनून इचारलं."

मंदिराच्या सभामंडपात चाळीसेक बायका जमल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षा इंदूबाई पुढे, आणि अगदी मागच्या रांगेत, तासभर आधीच येऊन कूलरची चांगली जागा धरून, रुख्मिणीबाई. हाताची घडी घालून त्या अशा बसल्या होत्या, जणू पेपर त्यांनीच काढलाय आणि तपासणारही त्याच.

सुरुवात झकास झाली. प्रणालीनं कागद वाटले, बायकांनी ते टाळूला लावून एकमेकींना दाखवले आणि हशा पिकला. तेलकट टाळूला तेल चोपडून रात्रभर ठेवू नका, कोरड्या टाळूला रोज शॅम्पू नको, असं ती सांगत होती आणि बायका माना डोलवत होत्या.

"आणि कुरळे केस कोरडे असताना कधीच विंचरू नका," ती म्हणाली आणि दाखवण्यासाठी तिनं मान झटकली.

कर्रर्र, असा आवाज झाला.

"काय मोडलं वं?" पहिल्या रांगेतल्या माणिकबाईंनी विचारलं. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, तरी आवाज हजेरी घेण्याचाच होता.

"काही नाही," असं म्हणत प्रणालीनं केसांतून बोटं फिरवली. म्हणजे फिरवायला गेली. बोटं आत गेली ती तिथंच राहिली. तिनं हिसका दिला तशी पांढरीशुभ्र खपली निळ्या साडीवर पडली. मग दुसरी. मग पुष्कळ.

पहिली रांग जराशी मागे सरकली.

"कोंडा व्हय ना वं हा?" मागून कुणीतरी म्हणालं.

"बापा! एवढाला?"

"हे आपल्याले शिकवून रायली!" माणिकबाई म्हणाल्या.

प्रणालीला समोर चाळीस बायका दिसेनात. तिला रस्त्याकडची खोली दिसली आणि तीत भिंतीला लागून उभ्या केलेल्या गव्हाच्या कोठ्या.

इंदूबाई उठल्या. त्यांनी प्रणालीच्या खांद्यावरची खपली चिमटीत धरली, उजेडात पाहिली, हुंगली, आणि कुणाला काही कळायच्या आत जिभेवर ठेवली.

"अव माय," त्या म्हणाल्या. "हा तं चीक व्हय. कुरोड्यायचा." मग पुन्हा जीभ फिरवून म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय. हिंग कमी हाय जरासा."

त्याच क्षणी मागच्या रांगेत रुख्मिणीबाईंचा फोन वाजला. त्यांच्या फोनचा आवाज बारीक कसा करायचा, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. खुशालराव सगळ्या मंडपाला ऐकू येईल असं बोलले.

"अवं, आजचा चीक लय झाक झाला! दात लावाचं काम नाई, सुटकन गयाखाली उतरते. अजून हाय का?"

इंदूबाईंनी हिशोब मांडला. "चीक हिच्या डोस्क्यात, मंग भाऊंनी काय खाल्लं?"

"जेल," प्रणाली पुटपुटली. "जवसाची."

"झोपा तुमी," असं रुख्मिणीबाईंनी फोनला सांगितलं आणि त्या उठल्या. सगळ्या बायकांनी वाट करून दिली. सून आता मंडपात मार खाते की घरी, एवढाच प्रश्न उरला होता. पण रुख्मिणीबाई सुनेकडे पाहतच नव्हत्या. त्या इंदूबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कमी म्हनली?"

"जरासा, रुख्मिणीताई."

"हा बन्सी गव्हाचा चीक व्हय. बन्सीले जास्त हिंग चालत नाई, कडू मारते. तू लोकवनाच्या करतं. लोकवनाले भिजाले तीन रात्री पुरतात, बन्सीले चार लागतात. तू सगळ्या गव्हाले एकच माप लावतं, म्हनून तुयी कुरोडी तेलात फुलत नाई, बसते!"

"बोरिंगच्या पाण्यानं बसते ती," इंदूबाई दुखावल्या.

"पाण्यानं पिवळी पडते. बसते ते मापानं. गहू पाह्याचा, पाणी पाह्याचं, मंग हात लावाचा. गव्हागव्हात फरक असते, इंदूबाई!"

बायका पुढे सरकल्या. एकीनं शरबतीचं विचारलं, दुसरीनं मिठाचं. भाषण केसांवर आहे हे प्रणालीशिवाय कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. तिच्याकडे गमावण्यासारखं आता काही नव्हतं, म्हणून तिनं तोंड उघडलं.

"आई, मी दोन वर्षं हेच तर सांगून राहिली. डोक्याडोक्यात फरक असते. सगळ्यांना एकच तेल, एकच फणी कशी चालेल? बोरिंगच्या पाण्यानं केसही राठ होतात."

रुख्मिणीबाईंनी प्रणालीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच रांगेतल्या डोक्यांवरून त्यांची नजर फिरू लागली, धान्याच्या मोंढ्यात पोत्यांवरून फिरावी तशी.

"इकडं ये वं माणिक," त्या म्हणाल्या. माणिकबाईंच्या वेणीचं टोक त्यांनी बोटांत चोळलं. "हे बन्सी. राठ हाय, पाणी लवकर पीत नाई. हिले काय लावाचं, प्रणाली?"

"धुण्याआधी कोमट तेल. थोडंच, आणि टोकांना."

"आयकलं? आन् इंदूबाई, तू लोकवन. नरम हाय, पन लगेच चिपकते. हिले?"

"यांना तेल कमी. आठवड्यातून दोनदा धुवायचं."

"मंग मायं वं?" तिसरी पुढे आली. "मायं पाहा ना, रुख्मिणीताई."

पाच वाजता आभार मानायला इंदूबाई उभ्या राहिल्या तेव्हा ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. सगळ्या रांगेत होत्या. 'प्रणालीनं केंद्र काढावं का' असं त्यांनी विचारलं तर चाळीसच्या चाळीस हात वर झाले. माणिकबाईंनी तर दोन्ही वर केले.

प्रणालीचे केस धुवायला त्या दिवशी सहा बादल्या पाणी लागलं. रुख्मिणीबाईंनी एकही बादली बोलून दाखवली नाही, यावरून काय ते समजावं.

आठ दिवसांत पोती हलली, सायकल गच्चीवर गेली. खोलीत आरसा आला, बेसिन आलं आणि कुणीही न मागता दाराशी एक खुर्ची आली. तिच्यावर रुख्मिणीबाई बसतात. आत येणारीचं डोकं आधी त्या पाहतात, गहू ठरवतात, मगच ती प्रणालीपर्यंत पोचते. फ्रिजमधल्या डब्यांवर आता त्यांच्याच अक्षरात चिठ्ठ्या असतात, 'पोटाचं' आणि 'डोस्क्याचं'. डोस्क्याचं मात्र दर दुपारी दोन पळ्या कमी भरतं. खुशालराव याबाबत काही सांगू शकत नाहीत.

परवा गर्दी नव्हती. प्रणालीनं हळूच कागद उचलला आणि सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"आई, सगळ्यांचं झालं. आता तुमचं पाहू द्या ना. तुमचं डोकं कोणत्या गव्हाचं?"

रुख्मिणीबाईंनी पदर कपाळापर्यंत पुढे ओढला.

"मी गहू नाई, बाई," त्या म्हणाल्या. "मी चक्की हाय. पुढची आत पाठव."

"पुढची तुम्हीच पाठवता, आई."

"हाव ना," रुख्मिणीबाई समाधानानं म्हणाल्या आणि त्यांनी दारातल्या बाईला बोटानं जवळ बोलावलं.