व्हेटो आणि कुरडया

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण तिच्यात माझी बाजू चुकीची होती.

आमच्या हुडको कॉलनीतले बापूराव ढोक चहासुद्धा मतदानाशिवाय पीत नसत. टपरीवर चौघे जमले की, "ठराव आहे, आलं जास्त. हात वर करा!" पैसे देणारा कुरकुरला की गरजत, "पैसेवाल्याले व्हेटो कावून?" कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जगाचा कारभार हाती घेतला होता. त्यांच्या मते महासत्तेला दोघेच जड जातात. एक, जगाची पंचायत, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. तिथे टिकलीएवढा देशही तिला जाब विचारतो. दुसरे, रानात दडून लढणारे. "पंचायत तिले लाजवते, हे तिले थकवतेत. पन बंदूक मले पटत नाही भाऊ. त्याच्यात गरिबाचेच पोट्टे मरतेत."

आमची महासत्ता म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी कॉलनीच्या मैदानावर लग्नाचा हॉल बांधायचं ठरवलं. मी सचिव, मान डोलावली. बापूराव विरोधात गेले तेव्हा "त्यांचं डोकं फिरलंय" असं घरोघर सांगितलं.

बापूरावांनी सभा बोलावली. घरामागे एक मत. अध्यक्ष आणि मी सोडून सगळे हात हॉलच्या विरोधात. अध्यक्ष हसले, "मी नाही मानत."

"मारला व्हेटो!" बापूराव बायकांकडे वळले. "आता थकवा याले. कुरडया काढा."

जेसीबी आला तेव्हा मैदानभर खाटा, खाटांवर ओल्या कुरडया. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, हटाओ ना."

शेजारच्या शांताबाईंनी सोऱ्या उगारला. "वाळू दे, मंग पाहू!"

त्या वाळल्या की दुसऱ्या निघत. अन्नावर चाक घालायला एकही ड्रायव्हर तयार होईना. उन्हाळा संपता संपता अध्यक्षांनी हॉलचा नाद सोडला. ढोल वाजले, बापूरावांना खांद्यावर घेतलं, मीसुद्धा टाळ्या पिटल्या.

बायकांनी आपापल्या खाटा उचलल्या, शेवटी कोपऱ्यात एक खाट उरली. तिच्यावरच्या कुरडया जाडजूड, वेड्यावाकड्या.

"कोनाच्या वं ह्या?" बायका हसल्या.

"माह्या," बापूराव म्हणाले. "आमची घरवाली विमल इथंच खाट टाके. ती गेल्यापासून दरसाल मीच पहाटे गुपचूप काढतो. जमत नाही. पन तिची जागा रिकामी नाही दिसली पायजे."

मी खाटेचं दुसरं टोक धरलं आणि त्यांच्या अंगणापर्यंत गेलो.

"बापूराव, तेव्हा मी घरोघर..."

"बसा ना सचिवसाहेब. दोन कुरडया तळतो."

मी बसलो. खाल्ल्या. पुढे ते मुलीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. मला एवढंच म्हणायचं होतं: बापूराव, मी तुम्हाला वेडं ठरवलं. माफ करा.