यादव सरांचं बिनदाताचं व्याख्यान

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत आवाज कसा घुमतो हे मुलांना दाखवायला प्राध्यापक नाथाजी यादव कठड्यावरून वाकले आणि छाती भरून त्यांनी आरोळी ठोकली. आवाज झकास घुमला. त्याच्या मागोमाग सरांची कवळी तोंडातून सुटली आणि सगळ्यांच्या देखत थेट पाण्यात गेली. इस्लामपूरच्या कॉलेजची सहल होती ती. सगळी मुलं एका क्षणात चिडीचूप झाली. वर्गात सरांना हे कधी जमलं नव्हतं.

मुलांतला शिवतेज उडी मारायला शर्ट काढून तयार झाला. सरांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि काहीतरी बजावलं. काय बजावलं ते कुणालाच कळलं नाही.

खरी पंचाईत पुढं होती. दुपारी साताऱ्यात एका इतिहास मंडळापुढं सरांचं व्याख्यान होतं, तेही याच विहिरीवर. उभ्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बोलावलं होतं. जमणार नाही असं कळवायला सरांनी फोन लावला, तर अध्यक्षांना एक अक्षर उमजेना. रेंज नसेल, असं म्हणून त्यांनी सांगून टाकलं की सभागृह भरलंय, लवकर या.

बसमध्ये त्याच्याच वर्गातल्या सुरय्यानं तोड काढली. शिवतेज सरांची हुबेहूब नक्कल करायचा. त्यापायी अर्धं वर्ष त्यानं वर्गाबाहेर काढलं होतं. सरांनी खुणा कराव्यात, त्यानं बोलावं. सरांनी जोरात मान हलवून नकार दिला. पण सातारा येईपर्यंत दुसरा उपाय त्यांनाही सुचला नाही.

सरांचा घसा बसलाय असं जाहीर झालं. सर तोंडावर रुमाल धरून उभे राहिले आणि शिवतेज माईकपाशी गेला. अडचण एवढीच होती, की सकाळी सर विहिरीची माहिती सांगत होते तेव्हा तो शेवटच्या सीटवर घोरत होता. त्यामुळं त्यानं मनानंच सुरुवात केली. विहिरीतून थेट किल्ल्यापर्यंत भुयार आहे आणि त्यातून घोडदळ जायचं, असं त्यानं ठोकून दिलं.

सरांनी कासावीस होऊन दोन्ही हात हलवले. शिवतेज दचकला, पण थांबला नाही.

"असं लोक सांगत्यात," तो म्हणाला. "पर सर म्हणत्यात, ह्यातलं काय बी खरं न्हाई."

सभागृह खळखळून हसलं. मग तीच रीत पडली. शिवतेज एक थाप मारायचा, सर ती उडवून लावायचे आणि खरं काय ते हातांनी दाखवायचे. मोट कशी चालायची हे मात्र हातांनी दाखवता येईना. तेव्हा सरांनी रुमाल खिशात घातला, ओठ घट्ट मिटले आणि ते स्वतःच बैल झाले. खांदे पाडून व्यासपीठभर ओढ घेत ते पुढं गेले, पुन्हा उलट्या पावलांनी मागं आले. शिवतेजनं त्यांच्या मागं राहून त्यांना हाकलायला सुरुवात केली. मागच्या रांगा नीट दिसावं म्हणून खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. पाणी पाटात पडल्याची खूण सरांनी केली, तशी टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

अध्यक्षांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "बोलणारे पुष्कळ येतात, सर," ते म्हणाले. "दाखवणारा पहिलाच आला."

सरांनी मान लववली. परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्या बसला कंदी पेढे वाटले, आणि शिवतेजला दोनदा दिले.

ही बातमी सांगलीला पोहोचली. आठवड्याभरात तिथल्या एका संस्थेचा फोन आला, व्याख्यान आमच्याकडंही हवं म्हणून. तोवर सरांना नवी कवळी बसली होती. या वेळी मी स्वतः सविस्तर बोलेन, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

पलीकडचे गृहस्थ जरा घुटमळले. "म्हंजे त्यो पोरगा येणार न्हाई व्हय?"

सरांनी टेबलावरच्या टिपणांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं आणि तो बाजूला सारला.

"येणार की," ते म्हणाले. "बोलणार तोच. मी बैल आहे."